तेरावी

लगमाण्णा अंबी माणसं कानडीत मोजायचा,
शिव्या मराठीत द्यायचा,
आणि नदीशी काय बोलायचा ते कुणालाच कळायचं नाही.

वंदु, यरडु, मूरु.
पहिला वंदु तो स्वतः.
मग किटल्या घेऊन फुलव्वा,
बाबालाल मुल्ला आणि त्याची लुना, दोन माणसांच्या बरोबरीची.
कडेवरचं पोरसुद्धा एक.
"एवढंसं हाय की वो ते!"
"बुडताना एवढंसं नसतंय."
बकरीवर वाद झाला. बकरी अर्धी ठरली,
उरलेल्या अर्धीचा हिशेब उद्यावर.

हन्नेरडुला जीभ थांबायची.
पुढचा आकडा त्या नावेत कधी उच्चारला गेला नाही.
"बाराच्या वर बसवलं
की तेरावं घालायला लागतंय," म्हणायचा,
आणि वाकून चुन्याचा पट्टा बघायचा,
नावेच्या कुशीला ओढलेला,
पाण्याच्या वर चार बोटं.
तोंडं बघून नाव भरू नये, असं त्याचं.

दहावी. गणिताचा पेपर.
खालच्या बंधाऱ्याला बरगे घातलेले,
कृष्णा तट्ट फुगून उभी, हलतही नव्हती.
मी धावत आले, काखेत पॅड, हातात कंपास,
आणि हन्नेरडु
माझ्या पुढ्यातल्या म्हाताऱ्याच्या पायाशी संपला.

रडले. मगदुमांची पोरगी म्हणून सांगितलं.
फुलव्वा म्हणाली, किटली मांडीवर घेते, बसू दे की रं.
एका ऊसतोड्यानं मान खाली घातली,
उतरला मात्र नाही.
लगमाण्णानं बांबू रुतवला आणि नाव लोटली.

काठावरून मी शाप दिला.
खरंच दिला. बुड, म्हटलं.

नाव पलीकडं गेली.
काहीच झालं नाही.
एका किटलीचं झाकण पडलं,
तेही नावेतच.

वीस मिनिटांनी परत आला, मला एकटीला घेऊन निघाला.
पंचायतीचं नारिंगी जाकीट माझ्या अंगात घातलं,
कोंबड्या बसायच्या त्याच्यावर, तसला वास,
आणि छातीवरची कडी ओढून बघितली.
परत एकदा ओढून बघितली.
पेपरात दोन गणितं सुटली.
पुष्कळ वर्षं ती मी त्याच्या नावावर मांडून ठेवली होती.

काल चिकोडीच्या कचेरीतून फॉर्म घेऊन घाटावर गेले.
नाव आता इंजिनाची, चालवतो पुतण्या सिद्राम.
लगमाण्णा दोन वर्षांमागं गेला,
घरात, खाटेवर, कोरड्यात.

कानडी रकाने भरत बसले.
नावेची लांबी. जाकिटं किती, कड्या शाबूत किती.
पुरात फेरी बंद ठेवता का?
(कोयनेनं पाणी सोडलं की सिद्राम नाव वर ओढून लिंबाला बांधतो.
मागं कुणा मोठ्या माणसाचा फोन आला,
त्यानं फोनच लिंबाच्या ढोलीत ठेवला.)
शेवटचा रकाना: आजवरचे अपघात.

लिहिलं, इल्ल.

आणि पेन तिथंच राहिलं.
चाळीस वर्षांचं हे इल्ल
कुणाच्या खर्चानं झालं?
हळदीला गेलेली अक्षता संपल्यावर पोचली,
कुणाची निपाणीची बस चुकली,
कुणी उन्हात दगडावर बसून
त्याच्या सात पिढ्या काढल्या.
आम्ही सगळी तेरावी.
आमच्यासाठी रकाना नव्हता.

सिद्रामनं इंजिनाची दोरी ओढली.
"म्याडम, बसा की. बारा झाल्यात,
पण सरकारी माणूस मोजत न्हाई आम्ही."

मी वाकून पट्टा बघितला.
दोन बोटं.

"पुढची फेरी किती वाजता?" विचारलं,
आणि दगड शोधला.
अजून तिथंच होता,
बसून बसून गुळगुळीत झालेला.